दुसरं बाळ येतंय, मग घर मोठं हवंच का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'वाढतं कुटुंब आणि घराची जागा' या विषयावर प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं आली. बहुतेकांनी खोल्या मोजून पाठवल्या, पण घरात नेमकी अडचण कुठे आणि किती वाजता होते ते फार थोड्यांनी लिहिलं. उत्तर तर त्यावरच ठरतं. सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि ऑक्टोबरमध्ये दुसरं बाळ. पुण्यात सिंहगड रस्त्याला ४२० चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा) वन बीएचके आहे, कर्ज फिटलंय. त्याचे ४८ लाख येतील असं एजंट म्हणतो. त्याच भागात जुन्या इमारतीत टू बीएचके ८२ लाखांना मिळतोय. बाळंतपणापासून सासूबाई आमच्याकडेच राहणार आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार. ऑक्टोबरच्या आत घ्यावा का? — एक वाचक, पुणे

ऑक्टोबरच्या आत नको.

बाळाला पहिलं वर्ष-दीड वर्ष आईच्या शेजारची दोन-तीन फूट जागा पुरते. तुमच्या घरी खरी वाढ सासूबाईंची आहे, आणि त्यांच्या गरजा ठरलेल्या आहेत : गुडघ्यांना सोसेल असा अठरा इंची उंचीचा पलंग, रात्री संडासापर्यंत अडथळा नसलेली वाट, कमोड आणि त्याच्या बाजूला भिंतीत पक्का केलेला हातदांडा. हे सगळं वन बीएचकेत करता येतं आणि पंचवीस-तीस हजारांत बसतं. टू बीएचकेत गेलात तरी हे करावंच लागेल.

मग फ्रिजवर एक कागद चिकटवा. आठ दिवस, जेव्हा जेव्हा 'जागा नाही' म्हणून घरात कुरबुर होईल तेव्हा वेळ, ठिकाण आणि कारण लिहा. आठ दिवसांत कागद बोलू लागतो. सकाळी सात ते आठची भांडणं असतील तर कमी आहे ती न्हाणीघराची सोय. बेसिन बाहेर घ्या, गीझरची वेळ ठरवा, निम्मी गर्दी तिथेच ओसरते. दुपारी बाळ झोपलंय आणि हॉलमध्ये टीव्ही चालू आहे असं असेल तर कमी आहे ते एक बंद होणारं दार. आणि 'हे कुठे ठेवू?' हाच प्रश्न फिरून फिरून येत असेल तर घरात माणसांपेक्षा सामानाने जास्त जागा अडवली आहे. गेल्या दिवाळीपासून हात न लागलेल्या वस्तूंनी किती फरशी व्यापली आहे, ते टेप धरून मोजा. दोन जास्तीच्या गाद्या, तीन सुटकेसा, बंद पडलेला कूलर आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मिळून वीस-पंचवीस चौरस फूट सहज जातात. मोठ्या घरात तेवढ्याच जागेचे दहा-बारा हजार रुपये फुटाने पैसे मोजायचे का, याचा विचार करा.

एक मोह मात्र आवरा. हॉलच्या कोपऱ्यात दुसरं संडास काढून देणारे कंत्राटदार भेटतील. मैल्याचा पाइप मुख्य नळापर्यंत उतार देत न्यायचा तर फरशी नऊ-दहा इंच उचलावी लागते, कारण तिथला स्लॅब न्हाणीघरासारखा खाली घेतलेला नसतो. दोन पावसाळ्यांत खालच्यांच्या छताला ओल आणि सोसायटीची नोटीस, दोन्ही येतात. चार-पाच माणसांना एकच संडास हीच तुमची अडचण ठरली, तर मोठ्या घराचं ते सर्वांत सबळ कारण आहे. 'मुलांना वेगळी खोली' हे कारण तुमच्याकडे अजून पाच-सहा वर्षांनी येणार आहे.

आता पैसे. ४८ आणि ८२ मधला फरक ३४ लाख दिसतो. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७४ हजार. नोंदणी ३० हजार. दोन्ही व्यवहारांची दलाली एक-एक टक्का धरली तर १ लाख ३० हजार. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार. रंग, किचन, कपाटं काटकसरीने ४ लाख आणि सामान हलवायला २५ हजार. बेरीज जवळपास ४६ लाखांवर जाते. फक्त तुमच्या पत्नीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ८२ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की ती सवलत जाते. आणि करारातली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा, कमी असली तर शुल्क रेडीरेकनरवर लागतं, हे आधीच पाहून ठेवा.

यातले ८ लाख साठवलेल्या पैशांतून घातले तर ३८ लाखांचं कर्ज राहतं. साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता ३३ हजारांच्या आसपास. मुद्रांक शुल्कासाठी बँक पैसे देत नाही, ते तुमच्याच खिशातून जाणार. त्यात बाळाचा खर्च, पाळणाघर आणि वाढलेला मेंटेनन्स धरा. दुसऱ्या बाळंतपणालाही २६ आठवडे भरपगारी रजा असते, त्यानंतर पत्नी कामावर परत जाणार की वर्षभर थांबणार, हे ठरल्याशिवाय हप्त्याला हात घालू नका. पुढचे सहा महिने दर महिन्याला ३३ हजार वेगळ्या खात्यात टाकून बघा. हप्त्याची ही रंगीत तालीम जमली तर घर झेपतं. तिसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर बँक कर्ज देईल हो, पण घर झेपणार नाही.

पुढच्या वर्षी व्यवहार कराल तेव्हा तीन गोष्टी. आधी विक्रीचा करार करा आणि त्यात ताबा द्यायला तीन-चार महिन्यांची मुदत लिहून घ्या. आधी घेऊन मग विकायला निघालेला माणूस घाईत भाव पाडून देतो. जुनं घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं असेल तर झालेला नफा नव्या घरात घालून कर वाचवता येतो. त्यासाठी विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत खरेदी व्हायला हवी. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नाहीत तर ते साध्या बचत खात्यात न ठेवता भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावे लागतात. आणि ८२ लाखांच्या व्यवहारात खरेदीदार म्हणून विकणाऱ्याच्या पैशांतून १ टक्का टीडीएस (आगाऊ आयकर) कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी तुमची. विकणाऱ्याला पूर्ण रक्कम देऊन बसलात तर तो टक्का तुम्हालाच पदरचा भरावा लागेल.

मोजमापाबद्दलही. एजंट सांगतो तो आकडा बिल्टअप (बाहेरच्या भिंतीही धरून) आहे की कार्पेट, बाल्कनी धरून की सोडून, हे विचारा. रेरा या घरखरेदीच्या कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. जुन्या इमारतींचे करार त्या व्याख्येच्या आधीचे. त्यामुळे दोन्ही घरं स्वतः टेपने मोजा, तेव्हाच ४२० ची तुलना खरी होईल.

प्रश्न : स्वतःचा वन बीएचके भाड्याने देऊन आपण टू बीएचकेत भाड्याने राहायचं, हा हिशेब कसा? आमच्या घराला १६ हजार भाडं येईल, मोठ्या घराला २५ हजार पडेल. नातेवाईक हसतात. — एक वाचक, ठाणे

हसू द्या. महिन्याला ९ हजारांत मोठं घर कसं असतं, ते वर्षभर अजमावून बघता येतंय. वरच्या प्रश्नातल्या ३३ हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

नऊ हजारांवर काय चढतं तेही धरा. तुमचं घर दोन भाडेकरूंच्या मध्ये महिनाभर रिकामं राहू शकतं, तिथला मेंटेनन्स तुमच्याकडेच राहतो, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्क २ हजार असेल तर २०० रुपये. काही सोसायट्या भाड्याच्या टक्केवारीने मागतात. ते नियमात बसत नाही, लेखी विचारा. भाड्याच्या उत्पन्नावर करही लागतो, मात्र त्यातून महापालिकेचा भरलेला कर आणि उरलेल्यावर ३० टक्के सरळ वजावट मिळते.

करार अकरा महिन्यांचाच हवा असं काही नाही. लहान मुलं असतील तर ३६ महिन्यांचा करा. दरवर्षी घर बदलणं म्हणजे बस, शाळा, पाळणाघर सगळं नव्याने. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) नोंदवणं सक्तीचं आहे, मुदत कितीही असो. मुद्रांक शुल्क पाव टक्का : २५ हजार गुणिले ३६ म्हणजे ९ लाख, त्यात १ लाख अनामतीवर वर्षाला १० टक्के धरून तीन वर्षांचे ३० हजार. ९ लाख ३० हजारांवर पाव टक्का, म्हणजे २,३२५ रुपये. शहरात नोंदणीचे हजार वेगळे. 'लॉक-इन' (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) किती महिन्यांचं आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे का, हे कलम सहीच्या आधी दोनदा वाचा. मालकाला वाटेल तेव्हा नोटीस देता येत असेल तर ३६ महिन्यांच्या कराराला अर्थ राहत नाही.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. वन बीएचकेत १० बाय १६ चा हॉल आहे, त्यात भिंत घालून मुलासाठी खोली काढायची आहे. विटांची चार इंची भिंत चालेल का? की दुमजली पलंग घ्यावा? — एक वाचक, डोंबिवली

विटांची नको. दहा फूट लांब, नऊ फूट उंच चार इंची भिंत प्लास्टरसकट जवळपास दोन टन भरते. घराच्या स्लॅबची रचना वापराचा भार म्हणून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून केलेली असते. खाली तुळई नसताना हे वजन एका रेषेत उभं केलं की स्लॅब वाकतो आणि खालच्यांच्या छताला सरळ तडा दिसतो. हलक्या ब्लॉकची भिंतही टनाच्या आसपास जाते. जिप्सम बोर्डाची तेवढीच भिंत दोन-अडीचशे किलोंत होते.

पण जिप्समचीही हॉलमध्ये नको. सोळा फुटी हॉलला बहुधा एकाच टोकाला खिडकी असते. पडदी घातली की एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला दिवसाढवळ्या ट्यूबलाइट. त्यापेक्षा उलटं करा. मुलांना बेडरूम द्या आणि तुम्ही दोघं हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपा. आईवडिलांना हे जड जातं, खरं आहे. पण हॉलला दार बसवता येत असेल तर रात्री दहानंतर ती तुमचीच खोली.

बेडरूम १० बाय १२ ची धरू. खिडकी बारा फुटी भिंतीत, दार समोरच्या भिंतीत. मधोमध दोन फूट खोलीचं, साडेपाच फूट लांब आणि सात फूट उंच कपाट आडवं उभं करा. खिडकीकडे दोन फूट आणि दाराकडे अडीच फूट मोकळी सोडा. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट रुंदी मिळते : तीन फुटी पलंग आणि दोन फूट वाट. पलंगाची लांबी सव्वासहा फूट, म्हणजे खिडकीकडे पावणेचार फूट उरतात. तिथे वीस इंच खोलीचं अभ्यासाचं टेबल, दोघांनाही उजेडात. कपाटाचा अर्धा भाग इकडे उघडतो, अर्धा तिकडे. पल्ले दीड फुटांपेक्षा रुंद केलेत तर वाटेत अडतात. दाराकडच्या तोंडाला दोन पडदे पुरतात.

दोन ठिकाणी चूक होते. मधलं कपाट भिंतीला टेकलेलं नसतं, त्यामुळे ते खाली फरशीत आणि वर छताला पट्ट्यांनी पक्कं करावंच लागतं. नाहीतर उघड्या दाराला लटकणारं मूल कपाटासकट खाली येतं. दुसरं पंख्याचं. मधला पंखा बरोबर कपाटावर येतो, वाराही अडतो आणि कपाटावर चढलेल्या पोराच्या डोक्यालाही तो जवळ. मधला काढून दोन्हीकडे ३६ इंची छोटे पंखे लावा.

दुमजली पलंगाचं गणित उंचीचं आहे. खालच्या गादीपासून वरच्या फळीपर्यंत निदान तीन फूट, आणि वरच्या गादीपासून छतापर्यंतही तीन. नऊ फुटी छतात हे जेमतेम बसतं, पण पंख्याच्या पात्यांच्या टप्प्यात वरचं मूल येता कामा नये. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. गादी जाड घेतली की कठडा तेवढाच बुटका होतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. बारा वर्षांच्या मुलासाठी दुमजली पलंग तीन-चार वर्षं चालेल. पुढे त्याचे पाय बाहेर.

प्रश्न : शेजारचा फ्लॅट विकायला आहे. घेऊन मधली भिंत काढली तर थ्री बीएचके होतो. इमारत २०१८ ची. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

आधी भिंतीत ड्रिलने छोटं भोक पाडा. लाल किंवा पांढरी भुकटी आली तर वीट किंवा ब्लॉक. करडी, कडक भुकटी आली आणि बिट पुढे जाईना, तर ती भिंत काँक्रीटची असण्याची शक्यता मोठी. अल्युमिनियमचे साचे लावून अख्ख्या भिंती ओतलेल्या इमारतींना बोलीत मायव्हॅन म्हणतात. तिथे खांब वेगळे नसतात, भिंतीच इमारत उचलतात. अशा भिंतीत दार पाडायची परवानगी मिळत नाही आणि मागूही नये. मग दोन फ्लॅट दोन दारांचेच राहतील. आजी-आजोबा एकीकडे, तुम्ही दुसरीकडे, असं राहायचं असेल तर हरकत नाही.

भिंत विटांची निघाली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि महापालिकेची परवानगी घेऊनच हात लावा. दुसरं स्वयंपाकघर लगेच तोडू नका. पुढे एक फ्लॅट विकायची वेळ आली तर त्याचे पैसे येतात.

प्रश्न : आमचं घर १९९८ चं, स्लॅबचं, हजार चौरस फूट. गच्चीवर सळ्या सोडलेल्या आहेत. मोठ्याचं लग्न ठरलंय. गवंडी म्हणतो बिनधास्त मजला चढवा. काळी जमीन आहे. — एक वाचक, मिरज तालुका

विटांचा आणि स्लॅबचा मजला चौरस मीटरला साधारण एक टन धरतात. हजार फुटांचा मजला म्हणजे नव्वद-शंभर टन. गवंड्याच्या 'बिनधास्त'वर एवढं ओझं ठेवू नका.

पहिलं काम खड्ड्याचं. एक मधल्या खांबाजवळ, कारण सर्वांत जास्त भार त्याच्यावर असतो, आणि एक कोपऱ्याच्या. पाया दिसेपर्यंत खणा. त्याची लांबी, रुंदी, खोली मोजा आणि तो मुरमात टेकलाय की काळ्या मातीतच थांबलाय ते बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातच असेल तर आत्ताच खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेलेले असतील. अशा तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून तारीख लिहा. मे ते ऑगस्टमध्ये पट्टी फुटली तर घर अजून हलतंय. वर काही चढवायचं नाही.

त्या काळातल्या कित्येक घरांत 'कॉलम' म्हणजे कोपऱ्यात नऊ बाय नऊ इंच आणि चार सळ्या. भार खरं तर भिंतीच घेतात. तुमचं तसं आहे का, हे इंजिनिअर प्लास्टर फोडून सांगेल. काँक्रीट तपासायला हातोड्याची चाचणी करतात. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेमुळे कडक होतो आणि हातोडा फसवा चांगला आकडा दाखवतो. म्हणून सोबत कोअर (तपासणीसाठी काँक्रीटचा गोल तुकडा) काढायला सांगा, किंवा निदान ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडायला. गुलाबी झालं तर आतली सळई अजून सुरक्षित आहे. रंग आलाच नाही तर गंज सुरू व्हायला वाट मोकळी आहे.

गच्चीवरच्या सळ्या पंचवीसहून जास्त पावसाळे खाऊन बसल्या आहेत. तारेच्या ब्रशने घासून व्हर्निअरने जाडी मोजा. नवीन सळईशी जोड जाडीच्या पन्नासपट लागतो : १६ मिलिमीटरला ८० सेंटीमीटर. तेवढी लांबी उरली नसेल तर गवंडी 'वेल्डिंग करू' म्हणेल. करू देऊ नका. तेव्हाच्या पिळाच्या टॉर सळ्या तापवल्या की त्यांची ताकद जाते. ज्या वाकवून पुन्हा सरळ केल्या आहेत त्याही सोडून द्या; भोक पाडून रसायनाने नवीन सळई बसवता येते.

पाया कमी भरला तर लोखंडी सांगाडा, हलके ब्लॉक आणि पत्र्याचं छप्पर घेऊन निम्म्या गच्चीवर एक खोली आणि संडास होऊ शकतं. वजन निम्म्याहूनही कमी. वरचं संडास खालच्या संडासावरच घ्या. स्लॅबच्या मध्यावर ठेवलेली हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते, ती खांबांच्या माथ्यावर हलवा. वर स्वयंपाकघर आज नको असलं तरी पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाइप भिंतीत टाकून ठेवा. दोन चुली व्हायच्या त्या दोन-चार वर्षांत होतात, आणि तेव्हा नवी फरशी फोडावी लागते.

खर्च मुलगा करणार आणि घर वडिलांच्या नावावर असेल, तर नमुना ८ वर (ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर) कोणाकोणाची नावं आहेत ते आधी बघा. धाकट्या भावाशी आणि बहिणींशी वरच्या मजल्याचं बोलणं आत्ताच कागदावर उतरवा.

प्रश्न : सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा आहे, मोठा फ्लॅट मिळेल म्हणतात. तोवर थांबू का? — एक वाचक, मुलुंड

चर्चा कुठवर आली आहे ते बघा. विशेष सभेत ५१ टक्के सभासदांच्या मंजुरीने विकासक निवडला गेला, विकास करार नोंदवला गेला, त्यात तुमच्या फ्लॅटचं वाढीव कार्पेट आकड्यात लिहिलेलं आहे आणि महापालिकेची परवानगी हातात आहे, इथवर आलं असेल तर थांबा. मात्र घर रिकामं केल्यापासून तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची तयारी ठेवा. मूल दहावीला त्याच काळात येतंय का तेवढं पाहून घ्या. अजून फक्त वास्तुविशारदाचा अहवालच आला असेल तर तो फ्लॅट हिशेबात धरू नका. पोटमाळा घाला, कपाटं बदला, पण नवी फरशी आणि महागडं किचन यात पैसे घालू नका. तोडताना त्याची भरपाई कोणी देत नाही.